खेळाडू गप्प झाला की काय करायचं: नव्या कोचसाठी आणि पालकांसाठी

माझ्याकडे टायमिंगच्या वह्या आहेत. किराणा दुकानात उधारी लिहायला वापरतात तसल्या, लांबट, खाकी पुठ्ठ्याच्या. त्यातल्या एका वहीत एका मुलीचं ८०० मीटरचं टायमिंग जूनमध्ये २:१९ आहे, सप्टेंबरमध्ये २:२४ आणि दिवाळीनंतर २:३१. शेजारी माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'लक्ष नाही. नाटकं.'

जानेवारीत तिची आई ग्राउंडवर आली. चप्पल ट्रॅकच्या बाहेर काढून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पोरगी रात्री तीनला उठून ओट्यावर बसती. भाकरी निम्मी ठेवती. तुमच्याजवळ काय बोलली का?" माझ्याजवळ ती काहीच बोलली नव्हती, कारण मी विचारलंच नव्हतं. सात महिने सगळं वहीत दिसत होतं आणि मी सेकंद मोजत बसलो होतो.

मी डॉक्टर नाही. सातारा भागात लांब पल्ल्याच्या धावपटूंना शिकवतो. त्या मुलीनंतर मला जे शिकावं लागलं, ते नव्यानं ग्राउंडवर उभं राहणाऱ्या कोचला आणि ज्यांची मुलं खेळतात त्या आईवडिलांना उपयोगी पडेल म्हणून इथे क्रमानं लिहितोय. मनाच्या दुखण्यावर उपचार करणं आपलं काम नाही. वेळेत ओळखायचं, विचारायचं, योग्य माणसाकडे न्यायचं आणि परत आल्यावर त्या पोराची जागा शाबूत ठेवायची, एवढं आपल्या हातात असतं.

आधी कोण काय करतं ते समजून घ्या

यात फार गोंधळ होतो. पॅडी अप्टन २०११ च्या विश्वचषकात भारतीय क्रिकेट संघाबरोबर होते, पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला हॉकी संघाबरोबर होते. त्यांचं काम मेंटल कंडिशनिंगचं, म्हणजे धडधाकट खेळाडूचं मन स्पर्धेसाठी तयार करण्याचं. क्रीडा मानसशास्त्रज्ञही साधारण याच अंगानं काम करतात: एकाग्रता, सामन्याआधीची धडधड, हरल्यावर सावरणं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आजाराची तपासणी आणि बोलून करायचे उपचार करतो. त्याची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी आहे का, हे सरळ विचारावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, हा एमबीबीएसनंतर त्या विषयातलं शिक्षण घेतलेला डॉक्टर. या सगळ्यांत औषध तोच देऊ शकतो.

क्रीडा मानसोपचार म्हणजे याच डॉक्टरनं खेळाडूचं शरीर, वेळापत्रक, वजनगट आणि डोपिंगचे, म्हणजे बंदी असलेल्या औषधांचे, नियम ध्यानात घेऊन केलेला उपचार. या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना १९९४ पासून आहे आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१९ मध्ये अव्वल खेळाडूंच्या मानसिक आरोग्यावर तज्ज्ञांचं एकमताचं निवेदन काढलं. पण तालुक्याच्या गावात 'क्रीडा मानसोपचारतज्ज्ञ' अशी पाटी शोधत फिरू नका. साधा, चांगला मानसोपचारतज्ज्ञ गाठा आणि खेळाची माहिती त्याला आपण पुरवा. ती कशी पुरवायची ते पुढे सांगतो.

पहिलं काम: वहीत दोन रकाने वाढवा

हे सीझनच्या सुरुवातीला, सगळी पोरं बरी असताना करायचं. टायमिंगच्या शेजारी दोन रकाने: काल किती तास झोप झाली, आणि आज मन कसं आहे, पाचपैकी किती. वॉर्मअपच्या आधी प्रत्येकानं आपल्या हातानं आकडा लिहायचा. पहिले पंधरा दिवस सगळे पाचच लिहितात. मग एखादं पोरगं तीन लिहितं, कोच ओरडत नाही हे बाकीच्यांना दिसतं आणि खरे आकडे यायला लागतात.

ही वही सगळ्यांसमोर वाचायची नाही. मी सुरुवातीला एकाचा 'दोन' बघून मोठ्यानं म्हणालो होतो, "काय रे, प्रेमभंग झाला काय?" सगळे हसले. त्या पोरानं पुढे वर्षभर पाच लिहिले. आता प्रत्येकाला वेगळी छोटी डायरी आहे.

मुलींच्या डायरीत पाळीची तारीखही असावी, पण ती बघायला महिला प्रशिक्षक, शाळेतल्या मॅडम किंवा आई. पुरुष कोचनं 'नियमित आहे की नाही' एवढंच त्यांच्याकडून ऐकावं. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर मुलीला डॉक्टरकडे न्यायचं. 'धावणाऱ्या मुलींचं असंच असतं' हे मी अनेक ग्राउंडवर ऐकलंय आणि ते चुकीचं आहे. मेहनत जास्त आणि खाणं कमी, असं बरेच दिवस चाललं की शरीर एकेक खातं बंद करत जातं. याला रेड्स म्हणतात. ऑलिंपिक समितीनं हा शब्द २०१४ मध्ये रूढ केला. यात हाडं कमकुवत होतात, मनही उतरतं आणि मुलगेही यातून सुटत नाहीत.

दुसरं काम: काय बघायचं

रडणारं पोरगं कुणालाही ओळखता येतं. खेळाडूचं दुखणं मात्र बऱ्याचदा उलट्या वेषात येतं. सगळ्यांचा राउंड संपल्यावरही एकटाच धावत राहणारा, सुट्टीच्या दिवशी कुलूप लावलेल्या ग्राउंडवर उडी मारून येणारा, दुखापत लपवणारा मुलगा कोचला आवडतो. मलाही आवडायचा. आता मी त्याच्याकडे दोनदा बघतो. विश्रांतीचं नाव काढलं की तो घाबरतो का? एक दिवस सराव चुकला तर रात्रीचं जेवण सोडतो का?

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा. डॉक्टरला काही सापडत नाही आणि पोट, डोकं, छाती मात्र सारखी दुखते. जो कधी चिडत नव्हता तो बॅटन फेकतो. डब्यातलं निम्मं कुत्र्याला जातं. मावा सुरू होतो. मोबाईलवरचे पैशाचे गेम सुरू होतात, मग मित्रांकडे उधारी. घरचे 'नजर लागली' म्हणून उतरवून टाकतात किंवा एखाद्या देवस्थानाला नेऊन आणतात. त्यावर वाद घालू नका. "देवाचं करा, डॉक्टरकडंही जाऊ," एवढं म्हटलं की काम होतं.

काही काळ धोक्याचे असतात, तेव्हा नजर जास्त ठेवायची. मोठी दुखापत. सिलेक्शनमध्ये नाव न येणं. पहिल्यांदा घर सोडून क्रीडा प्रबोधिनीत किंवा हॉस्टेलला जाणं. डोक्याला मार लागणं. कबड्डीत कुणाचा गुडघा कानशिलावर बसला आणि पुढचे काही आठवडे पोरगं चिडचिडं, विसराळू, उदास झालं, तर ते 'मनावर घेतलंय' असं समजू नका, मेंदूच्या डॉक्टरला दाखवा.

आणि जिंकल्यानंतरचा काळ. हे कुणाला पटत नाही. अभिनव बिंद्रानं २००८ मध्ये बीजिंगला भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळवलं आणि त्यानंतर आपण आतून रिकामे झालो, नैराश्यात गेलो, हे त्यानं स्वतः उघडपणे सांगितलंय. आपल्याकडे राज्य स्पर्धेचं मेडल घेऊन आलेल्या पोराची गुलालात मिरवणूक निघते, फ्लेक्स लागतो, आमदार येऊन जातात. आठ दिवसांनी तो पहाटे पाचला पुन्हा त्याच ट्रॅकवर एकटा उभा असतो. त्या आठवड्यात त्याला चहाला घेऊन जा.

वजनगटाचे खेळ हा वेगळाच विषय आहे. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाटचं वजन ५० किलोच्या गटात १०० ग्रॅम जास्त भरलं आणि अंतिम लढतीच्या सकाळी ती बाद झाली. आदल्या रात्रीची तिची धडपड सगळ्या देशानं वाचली. तालमीत पोरं हेच आपापल्या पद्धतीनं करतात: अंगावर रबरी सूट, पाणी बंद, दिवसभर थुंकत राहायचं. त्या उपाशी दोन दिवसांत माणूस चिडतो, झोपत नाही, नको ते बोलतो. सारखं असं करणाऱ्यांत काहींना खाण्याचाच आजार जडतो. वजन हळूहळू, आहारतज्ज्ञाला विचारून उतरवायचं किंवा वरच्या गटात खेळायचं, हा निर्णय वस्तादानं सीझनच्या आधी घ्यायचा असतो, काट्यावर उभं राहिल्यावर नाही.

तिसरं काम: विचारायचं

कसं विचारायचं हे कुणी शिकवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समोरासमोर बसवून, ऑफिसात बोलावून विचारू नका. पोरगं आधीच घाबरलेलं असतं की सर काढून टाकणार. सराव संपल्यावर कूल डाउनला मी शेजारी चालतो. चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे बोलणं सोपं जातं. जे डोळ्यांनी दिसलंय तेच बोलायचं, निदान करायचं नाही. "डायरीत तीन आठवडे चार तासांची झोप दिसतीय. डबाही परत जातोय. काय चाललंय?" मग गप्प राहायचं. ही शांतता फार जड असते आणि ती भरायला आपलीच जीभ वळवळते. एक अख्खा राउंड गप्प चालायची तयारी ठेवा.

"काय नाही सर" असं उत्तर येणारच. तेव्हा म्हणायचं, "बरं. पण मी परवा पुन्हा विचारणार आहे. आणि जे सांगशील त्यावरून टीममधनं कुणाला काढत नाही मी." पुढे ते खरं करून दाखवावं लागतं, याचं भान ठेवा.

काय बोलायचं नाही, हे मी स्वतः बोलून शिकलोय. 'मन खंबीर कर.' 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं.' 'तुला कशाची कमी आहे?' 'आईबापाकडं बघ, किती कष्ट करतात.' शेवटचं सगळ्यात वाईट, कारण ते पोरगं रात्री तीनला ओट्यावर बसून तोच विचार करत असतं.

बोलण्यात 'कंटाळा आलाय सगळ्याचा', 'मी नसलेलंच बरं' असं काही आलं, तर सरळ विचारायचं: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं मनात नसलेलं भरतं, ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. 'हो' म्हणालं, तर त्याला एकटं सोडायचं नाही. घरी स्वतः पोचवायचं आणि घरच्यांशी बोलायचं. "हे कुणाला सांगू नका" असं पोरगं म्हणेल, पण जिवाचा प्रश्न असताना ते वचन द्यायचं नाही. "घरच्यांना आणि डॉक्टरला सांगणार, बाकी कुणाला नाही," असं त्याला आधीच सांगायचं. शेतकऱ्याचं घर असेल तर फवारणीचं औषध कुठे ठेवलंय ते त्याच संध्याकाळी विचारून कुलपात टाकायला लावायचं, किल्ली शेजाऱ्याकडे. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्या क्षणी हाताशी साधन नसणं यानं जीव वाचतात.

टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र चालू, फुकट. मराठीत बोलता येतं. कोचनं स्वतः फोन करून 'माझ्याकडे असा खेळाडू आहे, काय करू' हेही विचारता येतं. प्रत्यक्ष काही करून घेतलं असेल तर ११२ किंवा १०८, आणि जवळचा सरकारी दवाखाना.

चौथं काम: प्रश्नावली, तिच्या मर्यादेत

ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी खेळाडूंसाठी दोन साधनं तयार केली आहेत. एक ओळखण्याचं, ते कोच, पालक, खेळाडू कुणीही वापरावं. त्यात विचार, भावना, वागणं आणि शरीर यांतले कोणते बदल दिसले की मदत घ्यावी, याची यादी आहे. दुसरं तपासणीचं, ते वैद्यकीय माणसांसाठी. सोळा वर्षांच्या पुढच्या खेळाडूंसाठी आहे आणि त्याची सुरुवात दहा प्रश्नांनी होते: संघातल्या मुलांबरोबर राहणं जड जातंय का, दुखापतीची किंवा कामगिरीची चिंता थांबत नाही का, सिलेक्शनचा ताण झेपत नाही का, खेळानंतरच्या आयुष्याची काळजी वाटते का, असे. प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण. बेरीज १७ किंवा त्याहून जास्त आली की पुढच्या प्रश्नावल्या, ज्यात चिंता, नैराश्य, झोप, दारू, इतर व्यसनं आणि खाणं यांची तपासणी असते.

१७ आले म्हणजे आजार आहे असं नाही, १२ आले म्हणजे सगळं ठीक असंही नाही. आमच्या एका स्पर्धेच्या ठिकाणी कुणीतरी उत्साहानं असल्या प्रश्नावलीचे गुण भिंतीवर यादी करून लावले होते, नावासकट. असं कधीच करू नका.

पाचवं काम: शरीर तपासून घ्या

मानसोपचारतज्ज्ञाची अपॉइंटमेंट घेतानाच हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्यांबद्दल गावातल्या डॉक्टरला विचारून घ्या. लोह कमी असलं तरी माणूस गळतो, थायरॉइड बिघडला तरी उदास होतो, आणि सराव झेपेनासा झाला की दिसणारी लक्षणं नैराश्यासारखीच असतात: झोप उडते, भूक मरते, सकाळची नाडी वाढलेली, कशात रस नाही. दोन्ही एकत्रही असू शकतं. माझ्या त्या ८०० मीटरवाल्या मुलीचं हिमोग्लोबिन ८.९ निघालं. गोळ्यांनी ते वर आलं, झोप मात्र आली नाही. ती झोप मानसोपचारतज्ज्ञाकडे गेल्यावर आली.

सहावं काम: डॉक्टरपर्यंत नेणं

कुठे? जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे फार खर्च येत नाही. पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. त्यांच्याही बाह्यरुग्ण विभागात कुणालाही दाखवता येतं, पण 'येरवडा' हा शब्द काढला की घरातले हात जोडतात, त्यामुळे मी आधी जिल्हा रुग्णालय किंवा खासगी डॉक्टर सुचवतो. वैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तर तेही चांगलं.

वडिलांना कसं समजवायचं? 'मनाचा आजार' म्हटलं की त्यांना पोरीचं लग्न दिसतं आणि पोराच्या भरतीचं मेडिकल दिसतं. मी दोन गोष्टी सांगतो. एक, विराट कोहलीनं स्वतः सांगितलंय की २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात तो नैराश्यात होता. त्यानंतर त्यानं किती शतकं मारली ते तुम्हीच मोजा. दुसरी, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. परवानगीशिवाय डॉक्टर शाळेला, संघटनेला किंवा मलाही काही सांगू शकत नाही. खेळाडू अठराच्या आत असेल तर संमती पालकांची लागते; अठराच्या पुढे असेल तर त्याची स्वतःची, आणि मग वडिलांनाही काय सांगायचं ते तोच ठरवणार.

जाताना एक कागद न्यायचा. हा सगळ्यात कामाचा कागद. खेळाडूला विचारून, त्याच्यासमोर बसून मी तो लिहितो. खेळ आणि प्रकार. वजनगट असेल तर तो. आठवड्याचा सराव, पहाटेची वेळ धरून. पुढच्या तीन महिन्यांतल्या स्पर्धांच्या तारखा. डोपिंग चाचणी होण्याची शक्यता आहे का. सध्याच्या गोळ्या, पावडरी, काढे, सगळं, जिममधल्या दादानं दिलेलं धरून. जुन्या दुखापती, डोक्याला लागलेला मार. आणि डायरीतल्या गेल्या दोन महिन्यांच्या झोपेची झेरॉक्स. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरला एका रुग्णासाठी मोजकी मिनिटं मिळतात. हा कागद टेबलावर ठेवला की त्या मिनिटांचं सोनं होतं.

आत मात्र आपण जायचं नाही. बाहेर बाकावर बसायचं.

सातवं काम: गोळ्या आणि डोपिंग

इथे नवा कोच हमखास चुकतो, म्हणून नीट वाचा.

नैराश्य आणि चिंतेवर सहसा देतात त्या फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एसिटालोप्राम यांसारख्या गोळ्या वाडाच्या (डोपिंग रोखणारी जागतिक संस्था) बंदीच्या यादीत नाहीत. म्हणजे 'गोळी घेतली तर डोपिंगमध्ये सापडशील' ही अफवा बहुतेकांच्या बाबतीत खोटी आहे. पण दोन ठिकाणी सावध राहायचं.

पहिलं, प्रोप्रॅनोलॉल. धडधड आणि हात थरथरणं कमी करायला ही गोळी साधे डॉक्टरही सर्रास लिहून देतात. नेमबाजी आणि तिरंदाजीत ती बंद आहे, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही, कारण हात स्थिर होतो. बीजिंगला २००८ मध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची नेमबाजीतली दोन पदकं याच औषधामुळे काढून घेतली गेली. आमच्या साताऱ्यानं आदिती स्वामी आणि प्रवीण जाधव असे तिरंदाज दिलेत. ते बघून गल्लीगल्लीतली पोरं धनुष्य हातात घेताहेत. त्यांच्या कोचनी हे नाव भिंतीवर लिहून ठेवावं.

दुसरं, मिथाइलफेनिडेटसारखी उत्तेजक औषधं. लक्ष न लागण्याच्या, अतिचंचलतेच्या आजारावर ती देतात आणि स्पर्धेच्या काळात ती सगळ्या खेळांत बंद आहेत. आजार खरा असेल तर वैद्यकीय सूट मिळते, तिला टीयूई म्हणतात. राष्ट्रीय पातळीच्या खेळाडूनं नाडाकडे, म्हणजे डोपिंग रोखणाऱ्या आपल्या देशाच्या संस्थेकडे, अर्ज करायचा, स्पर्धेच्या निदान ३० दिवस आधी, मानसोपचारतज्ज्ञाच्या कागदपत्रांसह. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिच्याकडे अशी सूट होती. २०१६ मध्ये हॅकर्सनी तिची फाइल फोडली, तेव्हा तिनं सरळ सांगितलं की मला लहानपणापासून हा आजार आहे आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

यादी दर १ जानेवारीला बदलते. नाडाचं 'नो युअर मेडिसिन' नावाचं अ‍ॅप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून बघता येतं. आयुर्वेदिक चूर्ण, प्रोटीनचे डबे यांत काय मिसळलंय याची हमी अ‍ॅप देत नाही, पाकिटावरचा हिरवा शिक्काही देत नाही.

डोपिंग सोडूनही डॉक्टरला विचारायचे प्रश्न आहेत. या गोळीनं वजन वाढेल का? ओलान्झापिननं वाढतं, आणि ७४ किलोच्या पैलवानाला ते आधी कळलेलं बरं. हात थरथरेल का? लिथियमनं थरथरू शकतो. लिथियम घेणाऱ्या धावपटूनं उन्हात घाम गाळून पाणी कमी प्यायलं किंवा गुडघा दुखतो म्हणून आयब्युप्रोफेन घेतलं, तर रक्तात लिथियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. सकाळी गुंगी राहील का? राहणार असेल तर पहाटे पाचचा सराव सातला करायचा. वेळ बदलली की ट्रॅक रुसत नाही.

गोळी लागू पडायला काही आठवडे जातात. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत, किंवा डोस बदलल्यावर, अस्वस्थता आणि जिवाचे विचार वाढतायत का, इकडे घरच्यांनी डोळ्यात तेल घालून बघायचं आणि वाटलं तर लगेच डॉक्टरला कळवायचं. 'बरं वाटतंय' म्हणून किंवा 'स्पर्धा आहे' म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही. कोचनं तर 'बंद कर' हा शब्दच उच्चारायचा नाही. स्पर्धेला जाताना गोळ्या मूळ पाकिटासकट आणि चिठ्ठीची झेरॉक्स बॅगेत. डोपिंग चाचणीच्या फॉर्मवर गेल्या सात दिवसांतली औषधं विचारतात, तिथे सगळं लिहायचं.

त्रास ग्राउंडमधूनच होत असेल तर

कधी दुखण्याचं मूळ आपल्यातलाच माणूस असतो. सीनियर, मसाजवाला, हॉस्टेलचा कुणी, दुसरा कोच. मुलगी एका विशिष्ट माणसाबरोबर दौऱ्यावर जायला नकार देत असेल, तर तिला समजवू नका, तिचं ऐका. अठराच्या आतल्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. 'संस्थेचं नाव जाईल' ही सबब कायदा ऐकत नाही. लहान मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. अशा वेळी फक्त डॉक्टरकडे नेऊन त्या पोरीला त्याच माणसासमोर परत उभं करणं म्हणजे जखम धुवायची आणि काटा आतच ठेवायचा.

आठवं काम: परत येणं

टोकियोला जुलै २०२१ मध्ये सिमोन बाइल्सनं सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. हवेत फिरताना शरीराचं भान सुटत होतं. तशा अवस्थेत उडी मारली असती तर मान मोडू शकली असती. तिची जागा कुणी काढून घेतली नाही. दोन वर्षांनी ती स्पर्धेत परतली आणि पॅरिसहून तीन सुवर्ण आणि एक रौप्य घेऊन गेली. आपल्या पोरांना तीन सुवर्णांपेक्षा मधल्या दोन वर्षांची गोष्ट सांगा.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आपण कसं परत आणतो? आधी चालणं, मग जॉगिंग, मग स्ट्राइड्स, म्हणजे थोड्या अंतराच्या वेगवान धावा. इथेही तसंच, डॉक्टरला विचारून. त्या मुलीला मी पहिला महिना घड्याळाशिवाय पळवलं. आठवड्याला तीन दिवस, मैत्रिणीबरोबर, वेळ न मोजता. दुसऱ्या महिन्यात तिनंच विचारलं, "सर, किती झालं?" तेव्हा घड्याळ काढलं.

बाकीच्यांना काय सांगायचं हे तिला विचारून ठरवलं. तिनं 'तब्येत बरी नव्हती' एवढंच सांगायला सांगितलं, मी तेवढंच सांगितलं. कुणी चिडवलं तर मात्र कोचनं मधे पडायचं. 'येडी झाली होती' हे एकदा ऐकू आलं, तेव्हा मी ते बोलणाऱ्यालाच आठवडाभर तिच्याबरोबर वॉर्मअपला लावलं. शिक्षा बरोबर होती की नाही मला अजून ठरवता येत नाही, पण बोलणं थांबलं.

नववं काम, जे सगळे विसरतात

पोरं खेळ सोडतात तेव्हा. आपल्याकडे खेळाडू निवृत्त होत नाही, त्याचं वय भरतं. पाच टक्के क्रीडा आरक्षणातनं नोकरी लागली तर लागली. नाही तर पोलीस भरतीच्या मैदानात १६०० मीटर पळायचं, काही गुणांनी हुकायचं, पुढच्या जाहिरातीची वाट बघायची, आणि एक दिवस वयोमर्यादा ओलांडते. दहा वर्षं ज्याला गाव 'धावपटू' म्हणत होतं, तो अचानक नुसता 'घरात बसलेला' होतो. सकाळचा व्यायाम सुटतो, ज्यांच्यात वावरायचा ते मित्र सुटतात, आणि संध्याकाळी ढाब्यावरची संगत तेवढी शिल्लक राहते.

त्याला ग्राउंडवर काम द्या. लहान पोरांचा वॉर्मअप घ्यायला, स्पर्धेत टायमिंग टिपायला, खड्डा खणायला, काहीही. ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी माझ्याकडे नंबरांची वेगळी वही आहे. रोज रात्री जेवणानंतर दोन फोन. बहुतेक वेळा "बरं चाललंय सर," एवढंच उत्तर येतं. मग मी त्याच्या आईला किंवा बायकोला द्यायला सांगतो.